आईचा मोतीबिंदू: पिकू द्यावा की आताच काढावा?

गेवराई तालुक्यातील एका मुलाने आपल्या आईविषयी विचारले आहे. आईंचे वय ६४ असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाची केवळ आकृती जाणवते आणि डावा डोळाही धूसर होत चालला आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून घ्या असे सांगितले आहे. मात्र घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, उन्हाळा तोंडावर आहे आणि मधुमेहात जखम चिघळते, म्हणून दिवाळीनंतर पाहू. दरम्यान कोणीतरी मोतीबिंदू विरघळवणारे थेंबही सुचवले आहेत. मी मराठवाड्यात दीर्घकाळ नेत्रशल्यचिकित्सक म्हणून काम करतो आणि जवळजवळ याच शब्दांतले प्रश्न रोज ऐकतो, म्हणून निष्कर्ष आधी सांगतो. पिकण्याची वाट पाहू नका, थेंबांवर पैसे घालवू नका आणि उन्हाळ्याची भीती बाळगू नका. थांबायचे असेल तर ते एकाच कारणासाठी, आणि ते म्हणजे आईंची साखर आटोक्यात आणून डोळ्याचा पडदा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा प्रतिमा उमटणारा थर, नीट तपासून घेणे. त्याला महिने लागत नाहीत.

बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. प्रौढ माणसात ते साधारण ९ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड असते, आणि केसाच्या जाडीच्याही कित्येक पटींनी पातळ अशा पिशवीत ते बसवलेले असते. त्याला रक्तवाहिन्या नसतात. त्याची रचना कांद्यासारखी थरांवर थर अशी असते; नवे थर आयुष्यभर बाहेरून चढत राहतात आणि जुने थर कुठेही टाकले न जाता आत दाबले जातात. या थरांतील प्रथिनांची मांडणी इतकी नेटकी असते की प्रकाश आरपार जातो. वयोमानाने ही मांडणी विस्कटते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात, भिंग आधी पिवळसर, मग तपकिरी किंवा पांढुरके होते आणि आत शिरणारा प्रकाश विखुरतो. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर बाहेरून आलेला पापुद्रा नव्हे, की जो पुसून किंवा विरघळवून काढता येईल. एकदा गुठळी झालेले प्रथिन पुन्हा पूर्ववत करणारे, शास्त्रीय कसोटीवर उतरलेले कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. म्हणून त्या थेंबांचा नाद सोडा. मध, कांद्याचा रस किंवा झाडाचा चीक डोळ्यात घालण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला ठामपणे नकार द्या. अशा उपायांनी बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागावर, जखम होऊन पांढरा डाग पडलेले डोळे मी पाहिले आहेत, आणि तो डाग मोतीबिंदूसारखा सहज काढता येत नाही.

वय हे सर्वांत मोठे कारण आहे, परंतु एकमेव नाही. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो आणि झपाट्याने वाढतो. उन्हातील अतिनील किरण, बिडी-सिगारेट आणि डोळ्याला झालेली इजा यांचाही त्यात वाटा असतो. पऱ्हाटीचे किंवा तुराटीचे टोक डोळ्यात घुसल्याने तरुण वयात मोतीबिंदू झालेले शेतकरी आपल्या भागात दुर्मीळ नाहीत. आणखी एका कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, ते म्हणजे स्टिरॉइड. सांधेदुखीवर किंवा दम्यावर कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्यांत बहुधा हेच औषध असते आणि ते दीर्घकाळ पोटात गेले की भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर मोतीबिंदू धरतो. आईंना अशी काही औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवा, मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

मोतीबिंदूची सुरुवात नेहमी अंधारी येऊनच होते असे नाही. भिंगाचा मधला गाभा कडक होऊ लागला की त्याची शक्ती वाढते आणि माणसाला जवळचे चष्म्याविना दिसू लागते. आजीबाई पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या म्हणून घर आनंदून जाते, आणि वर्ष-दोन वर्षांत दूरचे दिसेनासे होते. मधुमेही रुग्णांत वारंवार आढळणारा, मागच्या बाजूचा मोतीबिंदू याच्या उलट वागतो. सावलीत बरे दिसते, पण उन्हात बाहुली आकसली की समोर धुके पसरते, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांत फुटतो आणि वाचन तर फार लवकर सुटते. अशा रुग्णाला तपासणीच्या खोलीत तक्त्यावरची अक्षरे बऱ्यापैकी वाचता येतात आणि म्हणून ‘अजून बराच वेळ आहे’ असे सांगितले जाते, जेव्हा प्रत्यक्षात भर दुपारी वावरात जाणे त्याला अशक्य झालेले असते.

आता पिकण्याविषयी. ही समजूत निराधार नव्हती, ती जुन्या शस्त्रक्रियेतून आली आहे. त्या काळी डोळ्याला मोठा छेद देऊन भिंग पिशवीसकट अखंड बाहेर काढत, टाके घालत, रुग्णाला दिवसेंदिवस उताणे झोपवून ठेवत आणि भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत. रुग्णाला मग साधारण १० नंबरचा जाड चष्मा आयुष्यभर लावावा लागे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत आणि पायऱ्यांचा अंदाज चुके. एवढे सोसायचे तर डोळा पूर्ण निकामी झाल्यावरच सोसावे, असा तो हिशेब होता आणि त्या काळापुरता तो बरोबरही होता. आज भिंगाची पिशवी जागेवर ठेवून फक्त आतला गढूळ भाग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. या पद्धतीत पिकलेला मोतीबिंदू ही सोय नसून अडचण ठरते. गाभा जितका कडक, तितकी तो फोडण्यासाठी जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या आतल्या पेशींना तितकी जास्त इजा होते. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्या फार कमी झाल्या तर शस्त्रक्रिया नीट होऊनही बुबुळ सुजून पांढरे पडते.

याहून मोठा धोका असा की अति पिकलेले भिंग कधी पाणी धरून फुगते आणि डोळ्यातील द्रव बाहेर जाण्याची वाट बंद करते, तर कधी त्यातील प्रथिने पाझरून तीच वाट तुंबवतात. डोळ्याचा दाब एकदम चढतो, डोळा लाल होतो, त्या बाजूचे डोके असह्य दुखते आणि उलट्या होतात. खेडोपाडी डोकेदुखी आणि उलटी म्हटले की पित्त समजून इंजेक्शन दिले जाते, दोन-चार दिवस तसेच निघून जातात आणि तेवढ्या अवधीत डोळ्याची नस कायमची सुकते. त्यानंतर कितीही कुशल हातांनी मोतीबिंदू काढला तरी दृष्टी येत नाही. ज्या घरात पांढरी बाहुली झालेला डोळा ‘पिकत’ ठेवला आहे, त्या घराने ही लक्षणे पाठ करून ठेवावीत आणि ती दिसताच त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.

मग योग्य वेळ कोणती? माझ्या मते तक्त्यावरच्या ओळीपेक्षा माणसाचे रोजचे काम हा अधिक खरा निकष आहे. धान्य निवडता येत नाही, गोळ्यांचे पाकीट ओळखता येत नाही, उंबऱ्याला ठेच लागते, चेहरे ओळखू येत नाहीत, अशी अवस्था आली की वेळ झाली. धूसर नजरेमुळे अंगणात पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धा अस्थिरोग विभागात नेहमी दाखल होत असतात. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजूर जोडपी, बाहेर पडले की गावात नातवंडे आजीच्या भरवशावर राहतात. त्या सहा महिन्यांत चूल, पाणी आणि लेकरे सांभाळणाऱ्या बाईची नजर ही साऱ्या घराची गरज असते. तरीही हीच बाई ‘आता माझं काय बघायचं राहिलंय’ म्हणून शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी करून घेते, कारण आधी सुगी, मग लग्नसराई, मग पेरणी. आपण मुलगा म्हणून हे बोलणे शब्दशः घेऊ नका. ऋतूचे म्हणाल तर आजच्या छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेला उन्हाळा, पावसाळा किंवा हिवाळा यांनी फरक पडत नाही; उन्हाळ्यात शेतीची कामे कमी असल्याने विश्रांती मिळणे उलट सोपे जाते.

आईंच्या बाबतीत खरा कळीचा मुद्दा मधुमेह आहे आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मधुमेह असल्यामुळे शस्त्रक्रिया करता येत नाही, हे खरे नाही. मात्र साखर फार चढलेली असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि जखम भरायला वेळ लागतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या आणि मधुमेहाच्या डॉक्टरांकडून औषधांची मात्रा बसवून घ्या. चार दिवस उपाशी राहून साखर पाडण्याचा प्रकार करू नका. ती झटकन उतरवणे पडद्याच्या दृष्टीने चांगले नसते आणि साखर वरखाली होत असताना डोळ्याचा नंबरही बदलत राहतो, त्यामुळे बसवायच्या भिंगाचे माप चुकू शकते.

दुसरी बाब पडद्याची. दीर्घकाळच्या मधुमेहात पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि मध्यबिंदूला सूज येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ही सूज वाढू शकते. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिल्याशिवाय तारीख घेऊ नका. सूज आढळल्यास आधी डोळ्यातील इंजेक्शन किंवा लेझरने तिच्यावर उपचार करतात. मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदा दिसतच नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना हे पाहतात. या तपासणीचा आणखी एक उपयोग असा की शस्त्रक्रियेनंतर किती दिसेल याची प्रामाणिक कल्पना आधीच देता येते. पडदा खराब असताना पूर्ण दृष्टीचे आश्वासन देणे ही रुग्णाची फसवणूक आहे.

याच भेटीत डोळ्याचा दाब मोजून काचबिंदू नाही याची खात्री करून घ्यावी. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही, आणि वृद्धांत दोन्ही आजार एकाच डोळ्यात असू शकतात. डोळ्यातून सतत पाणी किंवा पू येत असेल तर नाकाकडे जाणारी अश्रूंची नळी तपासतात. ती बंद राहून तिथे पू साठलेला असेल तर आधी त्यावर उपचार होतो, कारण तोच पू शस्त्रक्रियेच्या छेदातून आत जाऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगा, परंतु विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि घरात वडिलांचीही शस्त्रक्रिया करायची असेल व त्यांना लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी दिले गेले असेल, तर तेही शल्यचिकित्सकाला आधी सांगा. या औषधाने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडतो आणि त्याची तयारी ठेवावी लागते.

शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत. फेको पद्धतीत साधारण अडीच मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते शोषून घेतात आणि घडी होणारे भिंग आत सोडतात. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली. लोक तिला लेझरचे ऑपरेशन म्हणतात, पण तिच्यात लेझर नसतो. काही खर्चिक रुग्णालयांत छेद देण्यासाठी वेगळा लेझर वापरतात, मात्र मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत त्याने अंतिम दृष्टी अधिक चांगली होते असे दिसलेले नाही. दुसरी पद्धत म्हणजे छोट्या छेदाची, बिनटाक्याची हाताने केलेली शस्त्रक्रिया. तिच्यात सहा-सात मिलिमीटरचा छेद तिरका घेतलेला असल्याने तो आपोआप मिटतो. शासकीय रुग्णालयांत आणि शिबिरांतून आणलेल्या रुग्णांवर बहुधा हीच केली जाते, आणि तिला कमी दर्जाची समजणे सर्वथा चूक आहे. नेपाळमध्ये पुढच्या टप्प्यातील मोतीबिंदूंवर दोन्ही पद्धतींची तुलना करणारा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील ९८ टक्के रुग्णांना योग्य नंबरच्या चष्म्यासह ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून चांगले दिसत होते. आईंच्या उजव्या डोळ्याइतका मोतीबिंदू पुढे गेलेला असताना अनेक अनुभवी शल्यचिकित्सक बुबुळाची काळजी म्हणून मुद्दाम हीच पद्धत निवडतात.

कृत्रिम भिंग, ज्याला आपण सगळे लेन्स म्हणतो, त्याविषयी घरोघरी नको इतकी चर्चा होते. ते किती वर्षे टिकते? आयुष्यभर. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांच्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहिलेले त्यांनी पाहिले होते, आणि त्याच द्रव्यापासून ते भिंग बनवले होते. आजची भिंगे त्याहून पुष्कळ सुधारलेली आहेत. एकनाभी भिंगाने दूरचे स्पष्ट दिसते आणि जवळच्या कामासाठी साधा चष्मा लागतो. बहुनाभी भिंग दूरचे व जवळचे दोन्ही दाखवते, परंतु त्यात दिव्यांभोवती वलये दिसतात आणि रंगछटांतील फरक कमी जाणवतो. पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेल्या व्यक्तीला ते बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आईंसाठी चांगल्या प्रतीचे एकनाभी भिंग योग्य आहे. महागड्या भिंगापेक्षा मापाची अचूकता अधिक महत्त्वाची असते. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली तरी चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो.

खर्चाची चिंता असेल तर हे लक्षात घ्या की राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि त्याअंतर्गत शासकीय रुग्णालयांत भिंगासह ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. आपल्या ग्रामीण रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे किंवा गावातील आशाताईंकडे नोंद केली की पुढे बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय घाटी रुग्णालय असे मार्ग आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी २००८ मध्ये पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने हे लातूर जिल्ह्यातील माकेगावचे आणि त्यांनी कारकिर्दीचा बहुतांश काळ शासकीय रुग्णालयांतच काम केले; सरकारी दवाखान्याविषयी मनात अढी असेल तर एवढे आठवावे. शिबिराविषयी माझा सल्ला असा की तपासणी गावात झाली तरी शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच होणार आहे ना, साखर, रक्तदाब आणि पडदा तपासला जाणार आहे ना, आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा कोण पाहणार आहे, हे आधीच विचारून घ्यावे. शेवटच्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळत नसेल तर तिथे जाऊ नका. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व उपचार न केलेल्या मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले होते. म्हणजे ज्यांना बहुधा दिसू शकले असते अशी ही माणसे आहेत, आणि या गोष्टीची मला मनापासून खंत वाटते.

शस्त्रक्रियेनंतर आईंना अन्नाचे कोणतेही वेगळे पथ्य नाही. वरणाने पू होतो ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे आणि तिच्यामुळे वृद्ध माणसे आठवडाभर कोरडी भाकरी खाऊन अशक्त होतात. त्यांना वरण, भाजी, अंडे सगळे द्या आणि मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर द्या. पथ्य आहे ते डोळ्याचे. आठ-दहा दिवस डोक्यावरून अंघोळ नको, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये, चुलीच्या धुरापुढे बसू नये, शेणगोठा करू नये, आणि महिनाभर तरी जड वजन उचलणे व धुळीतले काम टाळावे. थेंब घालणाऱ्याने प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये आणि दोन वेगवेगळ्या थेंबांत पाच-दहा मिनिटांचे अंतर ठेवावे. स्टिरॉइडचे थेंब चार ते सहा आठवड्यांत उतरत्या क्रमाने बंद करतात. डोळा बरा वाटतो म्हणून ते मध्येच सोडू नयेत आणि उरलेली बाटली पुढे कोणाच्याही लाल डोळ्यासाठी वापरू नये.

पहिल्या काही दिवसांत किंचित खुपणे आणि पाणी येणे स्वाभाविक आहे. परंतु दुखणे वाढत गेले, लाली वाढली किंवा आदल्या दिवशी दिसत होते त्याहून कमी दिसू लागले, तर तो डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग असू शकतो. हा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर काही तासांचा उशीरही डोळा घालवू शकतो. सकाळची एसटी मिळेल म्हणून थांबू नका. जी गाडी मिळेल तिने त्याच रात्री शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जा. रात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक सुटी होतानाच लिहून घ्या.

काही रुग्णांना महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागते आणि मोतीबिंदू परत आला असे म्हणतात. तो परत येत नाही. भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते आणि ती याग नावाच्या लेझरने, कापाकापी न करता, काही मिनिटांत साफ होते. आईंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधी करावी, तो स्थिरावल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने, डाव्याचा विचार करावा, आणि चष्म्याचा कायमचा नंबर त्या डोळ्याची जखम पूर्ण भरल्यावरच काढून घ्यावा. पहिल्या तपासणीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, साखरेचे जुने अहवाल आणि आधारकार्ड सोबत न्या. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे त्या दिवशी काही तास त्यांना उजेड सहन होणार नाही आणि आणखीच धूसर दिसेल, म्हणून त्यांना एकटे पाठवू नका, आपण स्वतः सोबत जा.